अनुभव खरा हवा

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला लेखनाचा तास सक्तीचा होता, आणि त्याच्या अटी चारुशीला मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिल्या. लेख स्वतःच्या हातानं लिहायचा. आधी कच्चा खर्डा, मग सुधारलेला, मग पक्का. मधला एकही चुकवायचा नाही. अनुभव स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा हवा, आणि खरा हवा. उतरवलेलं किंवा रचलेलं आढळलं तर त्या भागाला शून्य. सत्राच्या शेवटी ज्यांचे लेख निवडले जातील त्यांनी ते पालकांसमोर वाचून दाखवायचे.

नंदिनी गजभियेनं हे सगळं उतरवून घेतलं. तिला धाक असा वाटला नाही. शाळेत निबंध म्हटला की बाकीची मुलं पेन चावत बसायची आणि हिची पुरवणी संपलेली असायची. विषयही तिला लगेच सुचला, कारण तो घराबाहेर रस्त्यावरच उभा होता.

तिच्या बाबांनी, प्रेमानंद गजभियेंनी, अलीकडेच एक जुनी कार घेतली होती. सक्करदऱ्यात त्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं, ते बरं चालत होतं, आणि गाडी घ्यायची त्यांची फार दिवसांची हौस होती. पुढे ते उत्तम चालवायचे. पण रिव्हर्स म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. आपल्या गल्लीचं तोंड चुकून पुढे गेलं, तर मागे येण्याऐवजी ते घराजवळच्या अख्ख्या तलावाला वळसा घालून परत यायचे. एकदा आत्याच्या बोळात त्यांनी गाडी घातली आणि ती तिथेच अडकली. शेवटी बोळातल्या माणसांनी ती ढकलत बाहेर काढली. बाबा स्टिअरिंगमागे बसून एकेकाला 'धन्यवाद भाऊ' म्हणत होते, आणि आई पदर तोंडाला लावून पायी पुढे निघून गेली होती, जणू ही गाडी आणि हा माणूस तिच्या ओळखीचाच नाही. नंदिनीनं हे सगळं लिहिलं. लिहिताना ती एकटीच हसत होती.

खर्डा परत आला तेव्हा खाली हिरव्या शाईत लिहिलं होतं : 'भाषा प्रवाही. पण हे वरवरचं आहे. वडिलांचा संघर्ष कुठे आहे? आणखी खोल जा.'

शेजारी बसणाऱ्या चिन्मयीनं आपल्या घरच्या मांजरीवर लिहिलं होतं. मांजर पाहुण्यांच्या चपलेत जाऊन झोपते, एवढंच त्यात होतं. त्याच्या खाली त्याच शाईत होतं : 'प्रसन्न, खेळकर. असंच लिहीत राहा.'

नंदिनीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग तास सुटल्यावर ती स्टाफरूममध्ये गेली.

चारुशीला मॅडम वाईट नव्हत्या, हे कोणीही सांगितलं असतं. एकेक खर्डा त्या दोन-दोनदा वाचायच्या. ज्यांना पुस्तक घेणं जमत नाही त्यांना स्वतःची पुस्तकं द्यायच्या आणि परत मागायला विसरायच्या. त्यांनी नंदिनीला खुर्ची दिली.

"तू चांगलं लिहितेस म्हणूनच मी तुला सोडत नाहीये," त्या म्हणाल्या. "गाडीचा किस्सा गमतीदार आहे. पण तो कोणीही लिहील. तुझे वडील खापा गावाहून इथे आले, गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात राबले, मग स्वतःचं दुकान काढलं, हे सगळं तू एका वाक्यात उरकलंस. त्या एका वाक्यात काय काय दडलं असेल. तुमच्याकडे सांगण्यासारखं केवढं आहे, नंदिनी, आणि तुम्हीच ते झाकून ठेवता."

'तुमच्याकडे' म्हणजे गजभियांच्या घरी नव्हे, हे नंदिनीला कळलं.

"म्हणजे काय लिहू, मॅडम?"

"ते मी कसं सांगणार? घरी विचार. बोलतं कर त्यांना."

त्या संध्याकाळी ती दुकानात जाऊन बसली. गिऱ्हाईक नव्हतं. बाबा बेल्टची बकलं तपासत होते.

"बाबा, तुमी गांधीबागेत होते ना, तवा तुमाले काही त्रास झाला का?"

"कायचा त्रास?"

"म्हणजे लोकायचा. शेठचा वगैरे."

बाबांनी हातातला बेल्ट खाली ठेवला. "झाला ना. शेठ दुपारी घोरे. गठ्ठ्यावर आडवा झाला का असा घोरे, का गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जाये. मंग उठला का आमालेच इचारे, धंदा काहून नाही झाला म्हणून."

"तसा नाही, बाबा."

"मंग कसा? आता गुडघा त्रास देते, ते लिव." ते हसले. "काहून वं, कॉलेजात पाहिजे का?"

"हो. लेख लिवायचा आहे."

"मंग गाडीचं लिव ना. बोळातलं लिव."

"तेच लिवलं होतं. मॅडमले नाही जमलं."

"काहून?" बाबांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "खोटं वाटलं का त्यायले?"

नंदिनी काउंटरवरचे बेल्ट गुंडाळू लागली. शेठना तीही ओळखत होती. बाबांनी दुकान काढलं तेव्हा नारळ त्यांनीच फोडला होता. आता ते थकले होते आणि गांधीबागेतलं दुकान त्यांचा मुलगा पाहायचा, पण बाबा कापड अजून तिथूनच घ्यायचे. नंदिनी बारावी झाली तेव्हा त्यांच्याकडून पेढे आले होते आणि एक घड्याळ. ते तिच्या मनगटावर होतं. या घरातून कसला संघर्ष काढायचा, हे तिला समजेना.

सुधारलेला खर्डा द्यायची तारीख जवळ येत गेली. चुकवला तर पुढचं दार बंद, ही अट होती. एका रविवारी दुपारी आई शेजारी गेलेली, बाबा दुकानात, अशा वेळी नंदिनी लिहायला बसली. अशा गोष्टी तिनं ऐकल्या नव्हत्या असं नव्हतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर भाषणांत ऐकल्या होत्या, पुस्तकांच्या स्टॉलवर उभ्या उभ्या वाचल्या होत्या, आत्याच्या सासरकडच्या कोणाकोणाकडून कानावर आल्या होत्या. त्यातली एक तिनं उचलली आणि गांधीबागेत नेऊन ठेवली.

तिनं लिहिलं की खाप्याहून आलेला एक पोरगा कापडाच्या दुकानात लागतो. दुकानात माठ असतो आणि सगळ्यांसाठी स्टीलचा एक ग्लास. या पोराचा ग्लास मात्र वेगळा, खिडकीत ठेवलेला. चुकून कोणी उचलू नये म्हणून शेठाणीनं त्यावर नेलपॉलिशनं लाल खूण केलेली. मे महिन्यात गठ्ठे वाहून घशाला कोरड पडली की तो आपला ग्लास घेऊन उभा राहतो, कोणीतरी वरून पाणी ओततं, तो मान खाली घालून पितो आणि ग्लास पुन्हा खिडकीत ठेवतो. शेवटचं वाक्य तिनं दोनदा खोडून लिहिलं : 'माझे बाबा आजही पाणी पिताना मान खाली घालतात.'

खरं तर बाबा तोंड वर करून, बाटली लांब धरून, घटाघटा पाणी प्यायचे आणि अर्धं शर्टावर सांडायचे. नंदिनीला ते ठाऊक होतं. पण वाक्य लिहून झालं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि ती लाल खूण तर तिला इतकी आवडली की ती पुन्हा पुन्हा तेवढंच वाचत राहिली. कोणाच्या तरी बाबतीत हे घडलंच असेल की, असं तिनं स्वतःला सांगितलं.

या वेळी कागदावर हिरव्या शाईची एकही दुरुस्ती नव्हती. मॅडमनी लेख वर्गात स्वतः वाचला. वाचताना एकदा थांबून चष्मा पुसला. चिन्मयीनं बाकाखालून नंदिनीचा हात दाबला. तास सुटल्यावर संघपाल रामटेके तिच्याजवळ आला. हा मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा आणि सहसा कोणाशी बोलायचा नाही.

"माझ्या आजोबांसोबतही असंच काही झालं असेल," तो म्हणाला. "ते गिट्टीखदानकडे एका गोदामात होते. पण सांगत नाहीत. इचारलं तर उठून जातात. तुझे बाबा बोलले, हे मोठं आहे."

"हो," नंदिनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती.

तिचा लेख पालकांसमोर वाचायला निवडला गेला. तिनं घरी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण प्रवेशाच्या अर्जावर बाबांचा नंबर होता, आणि मॅडमनी स्वतःहून फोन केला. बाबांनी फोन ठेवला आणि सगळ्यात आधी कपाटातला पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. आईनं विचारलं, "काय म्हणे?" तर म्हणाले, "आपल्या पोरीचं लिवणं सगळ्यायसमोर वाचून राह्यले. तू बी चाल. दुकान दुपारपर्यंत बंद ठेवू."

त्या दिवशी सकाळी नंदिनी लवकर कॉलेजात पोचली आणि मॅडमना गाठलं. "मॅडम, मी दुसरं काही वाचू का? गाडीचं वाचते."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मला कळतं. वडील समोर बसलेले असतील, म्हणून जड जातंय. पण लाज तुला किंवा त्यांना वाटायचं कारण नाही. ज्यांनी तो ग्लास खिडकीत ठेवला त्यांना वाटू दे."

नंदिनीनं तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण बाहेर खुर्च्या मांडल्या जात होत्या, कोणीतरी माइक तपासत होतं, आणि मॅडमच्या डोळ्यांत तिच्याबद्दल एवढा अभिमान होता की तो मोडायचं धैर्य तिला झालं नाही.

तिनं वाचलं. पहिल्या परिच्छेदाला आईचा चेहरा हसरा होता. गांधीबाग आलं तेव्हा आईनं बाबांकडे पाहिलं. ग्लास आला तेव्हा बाबांनी मांडीवरचे हात उचलून छातीशी घडी करून घेतले आणि मग ते हलले नाहीत. शेवटचं वाक्य वाचताना नंदिनीनं वर पाहिलंच नाही. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.

नंतर मॅडम स्वतः बाबांकडे आल्या आणि सगळ्यांसमोर त्यांना हात जोडले. "तुम्ही मुलीशी हे बोललात, त्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत." बाबांनीही हात जोडले. संघपाल पुढे आला, "जय भीम, काका," म्हणाला आणि त्यानं बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. बाबा "जय भीम" म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे नंदिनीला जास्त भीती वाटली.

गाडीत आई एकटीच बोलत होती. "असं काहून लिवलं वं? शेठजी काय म्हनतीन? तुमी काहून काही बोलून नाही राह्यले?" बाबांनी तिला घरापाशी उतरवलं आणि नंदिनीला म्हणाले, "तू चाल दुकानात."

शटर अर्धंच वर करून ते आत गेले. दिवा न लावता काउंटरमागच्या स्टुलावर बसले.

"तुले कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"काय, बाबा?"

"गांधीबागचं. बळीराम भेटला होता का? तवा तिथं तोच एक आपला होता."

"मले कोणीच नाही सांगतलं. मी मनानं लिवलं."

"मनानं."

"हो. मॅडमले खोल पाहिजे होतं. तुमी काही सांगून नाही राह्यले, मंग मी…"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिचं खरं मानायला त्यांना वेळ लागला. मग ते म्हणाले, "गिलास नवता. कप होता, कान तुटलेला. खिडकीत नाही, माठाच्या मागं राहे. आन् लाल खूण कायले लागते? सगळ्यायले माहीतच होतं."

बाहेर रस्त्यावरून एक भाजीची गाडी ओरडत गेली. ती दूर जाईपर्यंत बाबा थांबले.

"बाकी जाऊ दे. पण तुझ्या लिवण्यात मी पितो. रोज मान खाली घालतो आन् पितो." त्यांचा आवाज इथे पहिल्यांदा बदलला. "मी त्या कपात एक घोट नाही प्यालो, नंदू. कधीच नाही. चौकातल्या नळावर जाये. उन्हाळ्यात डांबर पायाले चिकटे, तरी जाये. शेठ म्हने, प्रेमानंद, कुठं राहते रे इतका येळ? मी म्हनो, पाय मोकळे करून आलो."

नंदिनी उभीच होती. बसावं की जवळ जावं, तिला कळत नव्हतं.

"मंग एक दिवस तो कप दिसला नाही. फुटला का कोणी काढला, कोणी बोललं नाही. मी बी नाही इचारलं. त्या दिवशी माठातलं पानी प्यालो. बस, संपलं ते."

"आईले माहीत आहे?"

"कोनालेच नाही. मले वाटलं, माझ्यापाशी थांबून जाईन. तुझ्यापर्यंत नाही येणार. पण ते आलंच, तुझ्या मार्काच्या रस्त्यानं."

शटरखालून वाकून एक बाई आत आली. शाळेचा टाय हवा होता, निळ्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा. बाबांनी उठून दिवा लावला, तीन प्रकार काढून दाखवले, कुठल्या शाळेला कुठला चालतो ते सांगितलं, सुटे परत दिले. बाई गेल्यावर म्हणाले, "ते कागद परत आन. माझ्या नावानं ते कुठं राहू देऊ नको."

घरी आल्यावर नंदिनी बराच वेळ डोळे मिटून पडली. 'पाय मोकळे करून आलो.' एवढं चांगलं वाक्य तिला कधी सुचलं नव्हतं आणि पुढेही सुचलं नसतं. नळ, डांबर, माठामागचा कप. मॅडमनी मागितलेली खोली हीच होती, आणि आता ती तिच्या हातात होती. पक्क्या खर्ड्यात नुसती दुरुस्ती करायची. मनातल्या मनात तिनं पहिलं वाक्य जुळवलंसुद्धा. मग आपण काय करतोय हे लक्षात आलं आणि ती उठून बसली. बाबांनी हे तिला दिलं नव्हतं. ते त्यांच्याकडून तिनं ओढून काढलं होतं, तेही खोटं लिहून.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली. लेख कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी टाइप व्हायला गेला होता.

"मला तो मागे घ्यायचाय, मॅडम."

"वडील नको म्हणाले?" मॅडमनी मान हलवली, जणू त्यांना हे अपेक्षितच होतं. "साहजिक आहे. मी बोलते त्यांच्याशी. हवं तर घरी येते. नाव बदलून छापू, पण हे दबून राहायला नको."

त्यांनी फोन हातात घेतला. मॅडम घरी आल्या असत्या. समोर बसल्या असत्या, चांगल्या मनानं, मायेनं, आणि बाबांना खोल जायला सांगितलं असतं.

"ते खोटं आहे, मॅडम," नंदिनी म्हणाली. "मी रचलंय."

मॅडमनी फोन ठेवला. "कुठला भाग?"

"सगळं."

"म्हणजे तुझ्या वडिलांच्या बाबतीत असं काही घडलंच नाही?"

हाच प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. रात्रभर तिनं त्याचंच उत्तर पाठ केलं होतं, तरी ते तोंडातून निघायला वेळ लागला. "नाही. काही घडलं नाही."

मॅडमचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "मी त्यांना सगळ्यांसमोर हात जोडले, नंदिनी. तरी ते काही बोलले नाहीत."

"माझ्यासाठी गप्प राहिले."

"तुला कळतं का तू काय केलंस? ज्यांच्यावर हे खरोखर बेतलं, त्यांनी उद्या सांगितलं तर लोक म्हणतील, तीही अशीच रचलेली गोष्ट असेल."

हे खरं होतं, म्हणून ते लागलं. "तुम्ही खोल जा म्हणालात," ती कशीबशी म्हणाली.

"खोल जा म्हणाले. खोटं लिही म्हणाले नाही."

"गाडीचं खरं होतं, मॅडम."

काहीतरी बोलायला मॅडमनी तोंड उघडलं, पण मग समोरचा मार्कांचा कागद ओढला आणि तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. "दुसऱ्या सत्रात हा भाग पुन्हा करावा लागेल. पहिल्या खर्ड्यापासून."

त्यांनी वर्गात नाव घेतलं नाही. नुसतं सांगितलं की रचलेला अनुभव लिहिल्यामुळे एक लेख रद्द झाला आहे. पण अंकाच्या यादीतून कोणाचा लेख गेला ते सगळ्यांनी पाहिलं होतं. चिन्मयी त्या दिवशी तिच्याशी पेनाच्या शाईबद्दल खूप बोलली आणि दुसऱ्या कशाबद्दलही नाही. संघपाल जिन्यात थांबला होता.

"खोटं होतं?"

"हो."

"मी आजोबांना तुझ्या बाबांचं सांगितलं होतं. भेटलो म्हणालो, हात मिळवला म्हणालो." तो रागावला नव्हता, तेच वाईट होतं. "ते बोलले मग. पहिल्यांदाच बोलले, संध्याकाळभर. आता त्यांना काय सांगू?"

त्यांना काहीच सांगू नको, तू खऱ्याच माणसाचा हात धरला होतास, एवढं म्हणायला तिची जीभ शिवशिवली. पण ते म्हटलं की सगळंच म्हणावं लागलं असतं. संघपालनं थोडा वेळ वाट पाहिली आणि तो जिना उतरून गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिनं घरी सांगून टाकलं की लेखनात नापास झाले.

"काहून?" आई म्हणाली. "सगळे तर टाळ्या वाजवून राह्यले होते."

"खोटं होतं म्हणून. मी कबूल केलं."

आईनं कप खाली ठेवला आणि सुटकेचा श्वास घेतला. "मी म्हनलंच होतं. शेठजी असा माणूस नाही. त्यायच्या पोरीच्या लग्नात मी माहेरच्यासारखी राबली. त्यायच्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटल्या. आन् तू भल्या मानसावर आळ घेतला. उद्या माझ्यासोबत गांधीबागले चाल. पाया पडून माफी माग त्यायची."

नंदिनीनं बाबांकडे पाहिलं नाही. "बरं," ती म्हणाली. "जाऊ."

"नाही जायचं," बाबा म्हणाले.

"काहून नाही? पोरगी चुकली तर…"

"माफी नाही मागायची तिनं. त्या गोष्टीची नाही." बाबांनी बशी दूर सारली. "प्रेमिला, बस इथं. सांगतो."

नंदिनी उठायला लागली, पण बाबांनी हातानंच तिला बसवलं. मग त्यांनी सांगितलं. दुकानात तिला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात, जमिनीकडे पाहत. बळीराम त्या कपात प्यायचा, हेही या वेळी सांगितलं. त्याची बायको बाळंतपणात होती, त्याला नोकरी सोडून चालणार नव्हतं, आणि आपण नळावर जायचो म्हणून तो आपल्याशी नीट बोलायचा नाही. आई ऐकत होती.

"तुमी मले त्या घरात पुऱ्या लाटाले पाठवलं," ती शेवटी म्हणाली.

"तवा सगळं बदललं होतं."

"तुमच्यासाठी बदललं होतं. मले तर माहीतच नवतं काय होतं ते." ती उठली. "मले सांगतलं असतं, तर जायचं का नाही ते मी ठरवलं असतं."

ती आत गेली. बाबा तिथेच बसून राहिले. नंदिनीला वाटलं होतं की खरं बाहेर आलं की घर हलकं होईल. तसं काही झालं नाही. आई बाबांशी बोलेना. डबा भरून द्यायची, पण हातात न देता ओट्यावर ठेवायची. गांधीबागेतून माल निघाल्याचा फोन आला, तर तिनं तो वाजू दिला. नंदिनीशी ती बोलायची, पण तेवढ्यापुरतंच. एकदा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "तू मनानं लिवलं, आन् ते खरं निघालं. हे माझ्या डोक्यातून नाही जाऊन राह्यलं. तुले माहीत नसून माहीत होतं. मले इतक्या वर्षांत काहून नाही समजलं?" नंदिनीनं बादलीतून पुढचा कपडा काढून तिच्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. आईनं भाकरी वाढता वाढता, कोणाकडेही न पाहता विचारलं, "त्या नळाचं पानी गोड तरी होतं का?"

बाबांचा घास हातातच राहिला. "नाही," ते म्हणाले. "दवाई लय राहे त्यात. तोंड कडू होये."

आईनं मान हलवली आणि त्यांच्या ताटात भाकरी ठेवली. त्या दिवशी ती त्यांच्याआधी उठली नाही.

नंदिनीनं ताटं गोळा केली. दुसऱ्या सत्राचा पहिला खर्डा सोमवारी द्यायचा होता, आणि अजून तिच्याकडे विषय नव्हता.